नऊचा ताळा

“नुसत्या नऊच्या ताळ्यावर विसंबू नकोस, पोरी. अकराचाही करत जा. नऊचा दर सहा दिवसांनी फिरून होता तिथेच येतो. आणि सहा दिवसांत माणसाचं काहीही होऊ शकतं.”

बेलार्मिनो मास्तर मार्चमध्ये म्हणाले होते हे, खिडकीच्या आतून. त्या दिवशी त्यांची संख्या वीस अंकी झाली होती, म्हणून खुशीत होते. इस्मेनिया बाहेर गल्लीत उभी, छातीशी तीन महिन्यांची अम्पारो, डोळ्यांत तीन रात्रींची झोप. “हो मास्तर, करते,” ती म्हणाली.

केला नाही. एकदाही नाही.

आणि ऑगस्टातल्या एका गुरुवारी सकाळी मास्तरांची खिडकी रिकामी होती.

समुद्रकाठच्या चोन्ची गावातल्या त्या उताराच्या गल्लीत दोघांची घरं समोरासमोर. जानेवारीत मास्तरांची बायको एदेलमिरा गेली. तिला पुरून आल्याच्या दुसऱ्या सकाळी मास्तरांनी एका कोऱ्या कागदावर जाड शाईने ‘२’ लिहिला आणि खिडकीच्या चौकटीला दोन टाचण्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी त्याची दुप्पट, ४. मग ८. मग १६. रोज सकाळी नवा कागद, कालच्या संख्येची दुप्पट, हाताने केलेली. काढलेले कागद स्वयंपाकघरातल्या लोखंडी आकड्याला ओळीने अडकवलेले. ऑगस्टपर्यंत संख्या पासष्ट अंकी झाली होती आणि कागदावर तीन ओळी घेत होती.

कागदावर तारीख नसायची. “तारीख कशाला?” मास्तर म्हणत. “ही संख्या दोनाने किती वेळा भागली जाते ते मोज. एदेलमिराला जाऊन तेवढे दिवस झाले.”

इस्मेनियाचं काम सोपं होतं. संख्येतले सगळे अंक मिळवायचे, उत्तरातले पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. तो एका पुठ्ठ्यावर लिहून आपल्या खिडकीत ठेवायचा आणि वहीत टिपायचा. “म्हणजे तुला कळलं मी आहे, मला कळलं तू आहेस,” मास्तर म्हणत. सत्तर वर्षं उलटलेल्या माणसाने फोन करण्यापेक्षा हे बरं, असंही म्हणत. पुठ्ठे ठरलेल्या क्रमाने यायचे: दोन, चार, आठ, सात, पाच, एक. मग पुन्हा दोन.

“तीन, सहा किंवा नऊ कधीच येणार नाही,” मास्तरांनी बजावलं होतं. “दोनाच्या दुपटींना तीनने भाग जात नाही. आलाच, तर समज माझं डोकं फिरलं, नाहीतर मी गेलो.”

इस्मेनियाने तेवढंच डोक्यात ठेवलं. तीन, सहा, नऊ आला नाही ना? मग मास्तर आहेत. मग ती अम्पारोला काचेपाशी उचलून संख्येच्या शेवटचा अंक दाखवायची. २ म्हणजे बदक. ४ म्हणजे खुर्ची. ८ म्हणजे बटाट्यावर बटाटा. ६ म्हणजे गोगलगाय. अम्पारो बदकाला तेवढी हसायची.

त्या गुरुवारी आरोग्यकेंद्राची नर्स महिन्याच्या तपासणीला आली. दार वाजवून थकली. शेवटी वर्षानुवर्षं मास्तरांकडे काम करणाऱ्या ओतिलियाबाईंना बोलावलं, त्यांच्याकडे चावी होती. आत चुलीत कालची राख. पलंग आवरलेला. मास्तरांचा जाड कोट आणि बूट जागेवर नव्हते.

सार्जंट कार्कामोबाई तासाभरात आल्या. इस्मेनियाच्या स्वयंपाकघरात बसल्या, ‘माते’ या कडू पानांच्या चहाचा पेला हातात घेतला आणि वही उघडली.

“मास्तरांना शेवटचं पाहिलंत कधी?”

“गेल्या गुरुवारी. खिडकीत होते. मी हिला बदक दाखवत होते, तर त्यांनी आतून बदकासारखा आवाज काढला.”

“बदक?”

“आमचा खेळ आहे, बाई. सोडा.”

“त्यानंतर एक आठवडा पाहिलं नाहीत? समोर राहून?”

इस्मेनियाची मान खाली गेली. “ते आजारी होते. व्लादिमिर म्हणाला. त्यांचा पुतण्या. शुक्रवारी दहाच्या सुमाराला त्याची गाडी दारात येऊन थांबली. ‘काकांना ताप-खोकला आहे, बाळाला घेऊन जवळ येऊ नकोस, मी बघतो त्यांचं,’ म्हणाला. मला आठवतंय, कारण चाकांतून शिंपल्यांचा चुरा पडला होता गल्लीत. मी लगेच झाडून काढला. ही दिसेल ते तोंडात घालते.”

“मग मास्तर कालपर्यंत घरात होते कशावरून?”

“कागद. रोज नवा. शुक्रवारी जरा उशिरा लागला, पण लागला.”

“अक्षर त्यांचंच?”

“त्यांचंच. शंभर टक्के.”

“तपासलात?”

“रोज. काल आठ यायला हवा होता, आठच आला.”

“आणखी काही वेगळं? आठवड्यात?”

“नाही. हिने शनिवारी पहिल्यांदा टाळी वाजवली, तेवढंच. बदक बघून.”

सार्जंटबाईंनी लिहिलं: बुधवारी सकाळी घरात, जिवंत. साक्षीदार समोरची शेजारीण.

व्लादिमिर फोनवर सापडला, प्युर्तो मोंत शहरात. घाबरलेला वाटला. “मी काल दुपारच्या बसने निघालो हो! काकांना बरं वाटत होतं, सकाळी स्वतः कागद लावला. समोरच्या इस्मेनियाला विचारा, ती ताळा करते!” परत निघतोच आहे, असंही म्हणाला.

म्हणजे मास्तर बुधवारी दुपारनंतर नाहीसे झाले. आणि बुधवारी दुपारनंतर चावी एकाच बाईकडे होती.

“काल संध्याकाळी या दारावर लाथ मारलीत म्हणे तुम्ही?” सार्जंटबाईंनी ओतिलियाबाईंना गल्लीतच विचारलं.

“मारली! बारा वर्षं म्हाताऱ्याला बटाट्याचे मिल्काओ थापून घातले. आणि मला काढलं, तेही पुतण्याच्या तोंडून! स्वतः तोंड दाखवायला काय झालं होतं?”

“कधी काढलं?”

“शुक्रवारी. म्हणे काकांना आता तुम्ही नकोत.”

“काल दार उघडलंत?”

“नाही.”

“चावी असून?”

“चावी असली म्हणून? काढून टाकलेल्या घरात शिरायचं? मला काय लाजबीज नाही, सार्जंटबाई?”

“बसा गाडीत.”

ओतिलियाबाई बसताना इस्मेनियाकडे वळल्या. “तू तरी सांग गं यांना. रोज तर बघत असतेस त्या खिडकीत.”

इस्मेनिया अम्पारोची शाल सारखी करत राहिली. पोलीस धक्क्यावर आणि उताराखालच्या ओढ्यात शोधायला गेले. तिकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा; बाहेर पाणी गोठेल अशी थंडी होती.

दुपारी अम्पारो किरकिरायला लागली. सवयीने ती काचेकडे हात करत होती. समोर खिडकी रिकामी. तिला गप्प करायला इस्मेनियाने कागद घेतला आणि बदक काढलं. अम्पारो हसली. मग पुढचं चित्र काय, म्हणून इस्मेनियाने दोनाची दुप्पट केली. चार, खुर्ची. चाराची दुप्पट आठ, बटाट्यावर बटाटा. आठाची सोळा, शेवटी सहा, गोगलगाय. सहाची बारा, शेवटी दोन. पुन्हा बदक.

तिचा हात थांबला.

संख्या कितीही मोठी असो, शेवटचा अंक याच रांगेने चालणार. बदक दर चौथ्या दिवशी. गेल्या गुरुवारी बदक होतं, मास्तरांनी आवाज काढला होता. म्हणजे पुढचं बदक सोमवारी.

टाळी शनिवारी वाजली होती.

तिने एकेक दिवस आठवला. शुक्रवारी काय होतं? गोगलगाय. बदकाच्या पाठोपाठ गोगलगाय! दोनाची दुप्पट सहा होत नाही, हे दुसरीतल्या मुलालाही कळतं. ती मात्र साठ-पासष्ट अंक मिळवत बसली, शेवटाकडे बाळासाठी बघितलं आणि स्वतः पाहिलंच नाही.

मग नऊचा ताळा जुळला कसा?

उत्तर तिला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. सहा वेळा दुप्पट म्हणजे चौसष्ट पट. चौसष्टमधले अंक मिळवले की दहा, म्हणजे एक. एकाने गुणून काय बदलणार? सहा दिवसांपूर्वीचा कागद आणि आजचा कागद, नऊला दोन्ही सारखेच दिसतात.

आणि हे तिने एका माणसाला सांगितलं होतं.

ती अम्पारोला शालीत गुंडाळून ठाण्यावर पोचली तेव्हा धाप लागली होती. सार्जंटबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“बाई, बदकावरून मी कुणाला आत टाकू?”

“नका टाकू. कागद मोजा. मास्तरांनी जानेवारीपासून एकही दिवस चुकवला नाही, आणि मीही नाही. माझ्या वहीत काल दोनशे एकोणिसावा पुठ्ठा आहे. स्वयंपाकघरातल्या लोखंडी आकड्याला दोनशे एकोणीस कागद असायला हवेत.”

“आणि नसले तर?”

“तर ओतिलियाबाईंना सोडा, आणि मला धरा. मी खोटी साक्ष दिली.”

मास्तरांच्या स्वयंपाकघरात सगळे जमले तेव्हा प्युर्तो मोंतची बस येऊन गेली होती. व्लादिमिर धावतच आत आला, डोळे लाल. “काका सापडले?” ओतिलियाबाई भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभ्या. सार्जंटबाई टेबलावर कागद मोजत होत्या, ओठ हलत होते.

“दोनशे तेरा,” त्या म्हणाल्या. पुन्हा मोजले. “दोनशे तेराच.”

“काही हरवले असतील,” व्लादिमिर म्हणाला. “चुलीत गेले असतील. थंडी आहे.”

“वरचे सहा बघा,” इस्मेनिया म्हणाली. “त्यांच्या वरच्या कडेला किती भोकं आहेत?”

सार्जंटबाईंनी कागद खिडकीकडे धरला. उजेड चार ठिपक्यांतून आला. पुढच्यातूनही चार. सहाव्यातूनही चार. सातव्या कागदाला दोनच.

“मास्तर कागद एकदाच लावायचे. दोन टाचण्या, दोन भोकं,” इस्मेनिया म्हणाली. “हे सहा दोनदा लागले. आधीच्या शनिवारपासून गुरुवारपर्यंतचे हे खरे सहा कागद. ते परत ओळीने लागले, या शुक्रवारपासून कालपर्यंत. अक्षर मास्तरांचं, शाई मास्तरांची, क्रमही बरोबर. चूक एकाच सांध्यावर. गुरुवारच्या बदकानंतर शुक्रवारी खुर्ची यायला हवी होती. आली गोगलगाय. म्हणजे शुक्रवारी सकाळी कागद लिहायला मास्तर घरात नव्हतेच. बुधवारी नाही, सार्जंटबाई. ते सहा दिवसांपूर्वीच गेलेत.”

“बदक, खुर्ची!” व्लादिमिर हसला. “सार्जंटबाई, या बाईला झोप नाही, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. आणि चावी ओतिलियाकडेही होती की!”

“होती,” इस्मेनिया म्हणाली. “पण ओतिलियाबाईंना शुक्रवारी घराबाहेर कुणी काढलं? तू. मला ताप-खोकल्याची भीती घालून काचेपासून लांब कुणी ठेवलं? तू. बाळ आहे म्हटल्यावर मी दार वाजवणार नाही, हे तुला बरोबर कळलं. काल निघालास, कारण आज नर्स येणार होती, आणि ती आत शिरल्याशिवाय राहत नाही. मास्तर तू गेल्यावर हरवले असं दिसायला हवं होतं. साक्षीला मी होतेच.”

“मला काय माहीत तुमचं ते नऊ-अकरा?”

इस्मेनियाने अम्पारोला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. हे सांगायचं होतं, आणि हेच सांगवत नव्हतं.

“जुलैत तू माझी लाकडं फोडून दिलीस. मी तुला माते दिला. तू विचारलंस, एवढे अंक रोज कसे तपासतेस? मी हसून म्हणाले, मी कसली तपासते, नऊचाच ताळा करते, सहा दिवसांनी तेच पुठ्ठे परत लावते. मास्तर म्हणतात अकराचाही कर, आपल्या ओळखपत्रावरचा शेवटचा अंकसुद्धा सरकार अकराने काढतं. पण कुणाला वेळ आहे?” तिने श्वास घेतला. “हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलेलं नाही. ओतिलियाबाईंनासुद्धा नाही. सकाळी सार्जंटबाईंनाही नाही सांगितलं. लाज वाटली.”

व्लादिमिरने तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं.

“तूच तर सांगितलंस,” तो हळूच म्हणाला.

“ए मेल्या!” ओतिलियाबाई पुढे झाल्या. “म्हातारा कुठे आहे ते बोल आधी!”

त्याने दाराकडे पाहिलं. इस्मेनियाच बोलली. “चाकांत शिंपल्यांचा चुरा होता. आपल्याकडे वाटेवर शिंपले एकाच ठिकाणी टाकलेत. एदेलमिराबाईंनी टाकले होते, स्वतःच्या हाताने, पुन्ता लिउकेच्या वावरात. तिथे बटाटे ठेवायची झोपडी आहे.”

व्लादिमिर खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकेक शब्द बाहेर आला. किनाऱ्याचं ते वावर एका कंपनीला धक्का बांधायला हवं होतं. काका सही करेनात. बायकोने लावलेलं वावर आहे म्हणत. शुक्रवारी पहाटे फिरवायला म्हणून नेलं. भांडण झालं. दाराला कुलूप घातलं, दोन दिवस थंडीत बसतील आणि सही करतील म्हणून. पाव, पाणी, लाकडं ठेवली. दोन दिवसांनी गेला तर काका पडलेले, पाय हलत नव्हता. “डॉक्टरकडे नेलं असतं तर विचारलं असतं ना, कसे पडले? मी रोज म्हणायचो, उद्या नेतो. उद्या नेतो.”

“शेवटचा कधी गेलास?”

“मंगळवारी.”

सार्जंटबाईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं.

झोपडीच्या दाराचं कुलूप तोडलं तेव्हा आधी काहीच दिसलं नाही, बटाट्याच्या पोत्यांचा ढीग तेवढा. मग ढीग खोकला.

मास्तर जिवंत होते. अंगावर पोती, ओठ निळे, एक पाय वाकडा. सहीचा कागद कोराच. आणि त्यांच्या डोक्यामागच्या फळ्यांवर, पडल्या पडल्या हात पोचेल तेवढ्या उंचीवर, कोळशाने लिहिलेल्या संख्या होत्या. एकाखाली एक. इस्मेनियाने प्रत्येकीचा शेवटचा अंक पाहिला. खुर्ची. बटाटे. गोगलगाय. बदक. खुर्ची. बटाटे. शुक्रवार ते बुधवार, एकही दिवस चुकलेला नव्हता.

सातवी संख्या अर्धीच होती. दुप्पट उजवीकडून करत जातात, म्हणून तिला शेवट होता, सुरुवात नव्हती. शेवटी गोगलगाय होती, आणि डावीकडे अंक वेडेवाकडे होत होत कोळशाची एक रेघ होऊन खाली घसरले होते.

कास्त्रो शहरातल्या इस्पितळात मास्तर पंधरा दिवस होते. पाय पुन्हा चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. इस्मेनिया रोज बसने जायची. माफी मागायला तिने तोंड उघडलं की ते डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी तिला माफ केलं की नाही, तिला अजून कळलेलं नाही. ओतिलियाबाईंनी केलं, पण चार शिव्या देऊन.

एका सकाळी मास्तरांनी कागद मागितला. सातव्या संख्येची राहिलेली सुरुवात लिहून काढली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

तिने अंक मिळवले. “सात.”

मास्तर बघतच राहिले.

मग तिने पुन्हा सुरुवात केली, शेवटाकडून, एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा, सदुसष्टच्या सदुसष्ट. वेळ लागला. अम्पारो मांडीवर झोपून गेली. “अकराने एक,” ती शेवटी म्हणाली.

“हं,” मास्तर म्हणाले. “आता बरोबर.”

आता गल्लीत तिच्या खिडकीत रोज दोन पुठ्ठे असतात. तरीही ती ते ठेवून थांबत नाही. रस्ता ओलांडते, दार वाजवते, आणि आतून “आहे गं, आहे” ऐकू येईपर्यंत उभी राहते. अम्पारोला सर्दी असली तर दारापासून दोन पावलं मागे उभी राहते, पण राहते.

तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या समोरही एखादी खिडकी असेल. तिथला दिवा रोज लागतो, दोरीवर कपडे दिसतात, कुणीतरी म्हणतं, बरे आहेत, जरा ताप आहे, जवळ येऊ नका. दिवा कुणीही लावू शकतं. हा नऊचा ताळा झाला. हे वाचून झालं की चपला घाला, त्या दाराशी जा, आणि आतल्या माणसाचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय परत फिरू नका.